बंद घरांची यादी

१८ ऑक्टोबर

मारुतीच्या सभामंडपात समितीची बैठक झाली. नऊ माणसं, त्यातली दोन झोपलेली. विषय एकच — पाणी. अकरा दिवसांनी चाळीस मिनिटं! आमचं तुळजाई नगर लाइनीच्या शेपटाला. त्या चाळीसातली पहिली दहा मिनिटं नळ नुसता फुसफुस करतो आणि बायका बादली लावून त्याच्या तोंडाकडं बघत बसतात.

अध्यक्ष रामप्रसादनं तोड काढली. त्याच्याच बापाच्या वावरात ही कॉलनी पडली, म्हणून अध्यक्ष तो. त्याचं म्हणणं, मागच्या गल्लीतले सगळे दसरा करून ऊसतोडीला गेले. आता गुढीपाडव्याशिवाय येत नाहीत. चौदा घरं बंद. तरी त्या गल्लीला पाणी सुटतं आणि उघड्या नळांनी नाल्यात जातं. तेवढा वेळ पुढच्या दोन गल्ल्यांना मिळाला तर? पाणी सोडणाऱ्या बंकटला मुद्दाम बोलावलं होतं. तो म्हणाला, समितीनं बंद घरांची यादी सहीनिशी द्यावी, साहेब हुकूम करतील, मग मागच्या गल्लीचा व्हॉल्व्ह पाडव्यापर्यंत बंद.

यादी कुणी करायची? सगळ्यांच्या माना माझ्याकडं. रामप्रसाद म्हणाला, कंट्रोलर साहेबांसारखं चोख काम कुणाला जमतंय! बीडच्या स्टँडवर एकतीस वर्षं गाड्यांच्या नोंदी केल्या, त्याची आठवण माणसांना आहे म्हणायची. बरं वाटलं. वहीत कशाला लपवू.

२० ऑक्टोबर

यादी तयार. वीस मिनिटांत! स्कूटर बंदसुद्धा केली नाही. चौदा दारं, चौदा कुलपं. कुलपांना हळदकुंकू लावून गेलेत बिचारे. नाव लिहायचं, पुढं ‘कुलूप’. नाव लिहायचं, पुढं ‘कुलूप’.

सुरेखा म्हणाली, अहो, एवढ्यात झाली? म्हटलं, बाई, मी मिनिटाला तीन गाड्या लिहिल्यात.

२१ ऑक्टोबर

पत्र दिलं. खाली माझी सही, ‘सचिव’ म्हणून. एक प्रत मंदिराच्या फळ्यावर लावली. उद्या कुणी म्हणायला नको, गुपचूप केलं म्हणून.

२४ ऑक्टोबर

ऐंशी मिनिटं!! वरची टाकी भरून सांडली. सांडलेलं पाणी बघून लेकरू झाल्यासारखा आनंद झाला. हसण्यासारखंच आहे. पण बीडच्या माणसाला विचारा.

२ नोव्हेंबर

दिवाळीचा पाडवा. समितीतर्फे मला शाल आणि नारळ. रामप्रसादचं भाषण — "सुंदररावांनी एका कागदावर पाणी आणलं." टाळ्या. बायका येऊन सुरेखाला सांगत होत्या की औंदा दिवाळीचं धुणं घरातच झालं. मी आपला ‘छे छे, समितीचं काम’ करत होतो. शाल मात्र घरी येईपर्यंत खांद्यावरून काढली नाही.

४ नोव्हेंबर

पुन्हा ऐंशी मिनिटं. अंगण धुतलं.

१६ नोव्हेंबर

बायपासच्या हापशावर एक पोरगी दिसली. शाळेचा गणवेश, सायकलला दोन कॅन, एक घागर हापशाखाली. कॉलनीपासून दीड किलोमीटर असेल. मी आपला सहज स्कूटर थांबवून विचारलं, कुठली गं तू? म्हणाली, तुळजाई नगरची, भारतची वैष्णवी. मागच्या गल्लीतली.

मी म्हटलं, तुमचे तर सगळे ऊसाला गेलेत.

"आई-बाप गेलेत काका. मी दहावीला हाय म्हणून मला ठिवलं. आजी हाय ना संगं. नळाला पाणी येत न्हाई लई दिवस झाले."

ती हे हापसा मारत मारत सांगत होती, थांबलीसुद्धा नाही. मी ‘बरं बरं’ म्हणून स्कूटर काढली. भाजी आणायला निघालो होतो, ती न आणताच घरी आलो.

१७ नोव्हेंबर

आज खरं लिहितो.

वीस ऑक्टोबरला मी या वहीत अर्धंच लिहिलं. भारतचं घर यादीत चौदावं. पुढच्या दाराला कुलूप होतं, ते खरंच. पण घराच्या बाजूनं मागं एक तार जाते. तारेवर लुगडं वाळत होतं. हिरवं, काठाचं. ओलं होतं. खालून पाणी ठिबकत होतं, तेही मला दिसलं.

मला दिसलं आणि मी ‘कुलूप’ लिहिलं.

कावून? स्कूटर चालू होती म्हणून? तेरा लिहून झाल्यावर चौदावा आकडा बिघडेल म्हणून? स्टँडवर एखादी गाडी अर्धी भरलेली असली तरी वेळ झाली की मी सोडून द्यायचो. सवयच ती. मनाशी म्हटलं असेन, शेजारची कुणी वाळत घातलं असेल. पण मागच्या गल्लीला शेजार उरलाच नव्हता ना! चौदा कुलपांच्या गल्लीत शेजारीण कुठून येणार? हे मला तेव्हाही कळत होतं. वहीलासुद्धा सांगितलं नाही, म्हणजे कळतच होतं.

एकसष्ट वर्षांचा माणूस. लाज वाटते.

१८ नोव्हेंबर

भारतच्या घरी गेलो. या वेळी मागच्या बाजूनं.

पुढची पक्की खोली कुलपात. तिथं धान्य, कपाट, टीव्ही. लेक आणि सून तोडीला जाताना तिला कुलूप घालून गेले. मागं पत्र्याची एक खोली, तिचं दार नाल्याकडं उघडतं. तिथं म्हातारी भिवराबाई आणि ही वैष्णवी. या लोकांत असंच करतात म्हणे. चांगली खोली बंद, म्हातारं माणूस मागं. समितीचा सचिव म्हणून सहा वर्षं झाली मला, आणि हे मला ठाऊक नव्हतं.

भिवराबाईनं पोतं झटकून टाकलं, बसा म्हणाली. पाणी दिलं. तांब्याभर! दीड किलोमीटरवरून आणलेलं. मी पिऊन टाकलं, नाही म्हणता येईना.

मी विचारलं, पाण्याची तक्रार केली का कुणाकडं? म्हणाली, "वरूनच येत नसंल साहेब. कुणाला काय म्हणावं."

जिभेवर आलं होतं. ‘मावशी, वरून नाही, माझ्याकडून.’ एवढं एकच वाक्य! गिळलं. उलट म्हणालो, बघतो मी काहीतरी. ती म्हणाली, तुमी बघताल म्हणलं की झालं.

१९ नोव्हेंबर

बंकटला गाठलं. तो सरळ माणूस आहे. म्हणाला, "साहेब, तुमचंच पत्र हाय. यादी चुकली म्हणून दुसरं पत्र द्या, त्याच दिवशी चावी फिरवतो."

यादी चुकली! माझी!

तिथून रामप्रसादकडं. तो जेवत होता. मी सांगितलं, एक म्हातारी आणि पोरगी आहेत तिथं. त्यानं घास थांबवला नाही. एका घरासाठी चौदा घरांचा व्हॉल्व्ह उघडायचा का? दोनशे माणसाला आत्ता कुठं सुख लागलंय. आणि सुंदरराव, पत्र तुमचं, सही तुमची, शाल तुमच्या अंगावर. लोक काय म्हणतील, मी काही म्हणणार नाही. — हे सगळं इतक्या गोडीनं म्हणाला की मला वाटलं माझीच काळजी करतोय. मग म्हणाला, तुमच्या टाकीतून देऊन टाका की चार घागरी. पुण्य लागंल.

मला ते पटलं. पटवून घेतलं.

२० नोव्हेंबर

शंभर फुटी हिरवा पाईप आणला. माझ्या अंगणातल्या नळापासून मधल्या रिकाम्या प्लॉटवरून थेट भिवराबाईच्या पिंपापर्यंत. नळ सोडला की टाकीतलं पाणी आपोआप जातं. वैष्णवी पिंपापाशी उभी होती. पाणी आलं तेव्हा हसली नाही, पण पिंपाचं झाकण काढून घाईघाईनं पाईप आत धरला.

भिवराबाईनं माझ्यावरून हात ओवाळून कानशिलावर बोटं मोडली. "देवमाणूस हाय," म्हणाली.

सुरेखा सगळं बघत होती. घरात आल्यावर म्हणाली, दुसरं पत्र द्यायचं सोडून पाईप कशाला? मी म्हटलं, तुला समितीतलं काही कळत नाही. ती म्हणाली, मला लुगडं वाळतं ते कळतं.

म्हणजे वही वाचली हिनं! तेव्हापासून बोललो नाही तिच्याशी. खरं तर तिनं बोलायला नको होतं माझ्याशी.

२६ नोव्हेंबर

पाणी ऐंशी मिनिटं. एक दिवसाआड पिंप भरून देतो.

३ डिसेंबर

भिवराबाईनं वैष्णवीकडून वाटीभर शेंगदाण्याची चटणी पाठवली. खलबत्त्यात कुटलेली, लसूण भरपूर. मी दोन भाकरी खाल्ल्या आणि मग वाटी घासताना हात चालेना. चोरानं ज्याचं घर फोडलं त्याच्याच घरी जेवावं, तसं झालं हे.

रस्त्यात पुढच्या गल्लीतले एक जण भेटले. म्हणाले, म्हातारीला पाणी देताय म्हणे, वा! म्हणजे हेही पसरलं. आता या पुण्याच्याही टाळ्या.

८ डिसेंबर

कबूल करतो, मला ते आवडायला लागलंय. संध्याकाळी पाचला नळ सोडायचा, पलीकडून भिवराबाईनं ‘आलं हो साहेब’ म्हणायचं. जणू काही मीच धरण बांधलंय! नेमका हाच माणूस त्यांच्या तोंडचं पाणी पळवणारा. पण पाच वाजले की मी घड्याळाकडं बघतो.

वैष्णवी मात्र माझ्याशी कामापुरतंच बोलते. लाजरी असेल.

१३ डिसेंबर

उद्या पुण्याला. लेकीकडं नातवाचं बारसं, पुढं राहणं, पंधरा दिवस तरी. सुरेखा म्हणाली, फाटकाची किल्ली भिवराबाईकडं देऊन ठेवू, त्या आपल्या आपण नळ सोडतील.

मी नको म्हटलं. का ते इथं लिहितो, कारण तिला जे सांगितलं ते वेगळं. तिला म्हटलं, नळ चालू राहिला तर टाकी रिकामी होईल. मनात होतं — मागच्या गल्लीतल्यांकडं घराची किल्ली?

शेजारच्या मनिषाबाईंना सांगता आलं असतं. पण त्या विचारणार, भाऊ, म्हातारी तिथं राहते, तर मग यादीत कुलूप कसं लिहिलंत? मग काय सांगणार? पिंप काठोकाठ भरून दिलं. भिवराबाईला म्हटलं, येतोच आठ दिवसांत. पंधरा म्हणायला जीभ वळली नाही.

२० डिसेंबर, पुणे

बारसं छान झालं. इथं नळ चोवीस तास. दाढी करताना चालू ठेवतात! पिंप तीन-चार दिवसांत संपलं असणार. सुरेखा जेवताना एकदाच म्हणाली, बीडला फोन करा कुणाला तरी. मी वरण वाढायला सांगितलं.

२८ डिसेंबर

आज दुपारी परत आलो. पिशव्या ओट्यावर टाकल्या आणि सरळ मागं गेलो.

मागच्या खोलीलाही कुलूप. त्यालाही हळदकुंकू.

पाईप तसाच पिंपात सोडलेला. पिंप कोरडं.

बंकटनं सांगितलं. पाणी संपलं तशी वैष्णवी पुन्हा हापशावर. शाळा सुटून जायची, मग शाळेच्या आधी जायची, मग शाळाच बुडायला लागली. म्हणून म्हातारी म्हणाली, तू शाळेत जा, घागर मी आणते. हापशाच्या शेवाळावर घसरली. मनगट मोडलं. गुरुवारी भारत आला आणि दोघींना ऊसतोडीच्या फडावर घेऊन गेला.

नाल्याच्या कडेला दगडावर बसून राहिलो. कुणी बघितलं असेल तर बघू दे.

२९ डिसेंबर

नळाला ऐंशी मिनिटं. टाकीचा वॉशर गेलाय. सांडत होतं. मी उठलो नाही.

३० डिसेंबर

रामप्रसाद आपणहून घरी आला. चहा घेतला. म्हणाला, चला, सुंठीवाचून खोकला गेला. आता तर तुमची यादी खरी झाली की!

मी हसलो. हो, हसलो मी! तो गेल्यावर सुरेखानं त्याची कपबशी उचलली, माझी तिथंच ठेवली. आणि सगळ्यात वाईट ते लिहायचं राहिलंय. तो ते बोलला तेव्हा मला आतून हायसं वाटलं. आता कुणी विचारणार नाही. चौदा घरं, चौदा कुलपं, सही बरोबर. दोन श्वास तसे गेले असतील. मग त्या हायशाचीच किळस आली.

२ जानेवारी

बंकटकडून भारतचा नंबर घेतला. तीनदा लावून कट केला. चौथ्यांदा बोललो.

मागं ट्रॅक्टरचा आवाज, त्याला नीट ऐकू येत नव्हतं. आधी माझे उपकारच मानायला लागला. आई सांगती, साहेबांनी लई पाणी दिलं. मी म्हटलं, आई कशी आहे? हाताला प्लास्टर आहे, पाचटाच्या कोपीत बसून असते. आणि वैष्णवी? वैष्णवी तिच्या आईच्या मागं उसाच्या मोळ्या बांधते. मी म्हटलं, अरे, तिची दहावी!

"रडती रोज परीक्षेसाठी. पर आता म्हातारीला हापशावर न्हाई धाडणार मी. घरच्या नळाला पाणी आलं तर दोघींला लगेच आणून सोडतो साहेब. तुमचा शब्द द्या."

तोंडी परीक्षा फेब्रुवारीच्या सुरुवातीला. लेखी एकवीस फेब्रुवारीला. मी विचारून घेतलं शाळेत.

शब्द दिला नाही. म्हणालो, बघतो. भिवराबाईलाही हेच म्हणालो होतो.

९ जानेवारी

पत्र लिहिलं. फाडलं. ‘अनवधानाने’ लिहिलं होतं. अनवधान कसलं!

१४ जानेवारी

संक्रांत. तिळगूळ द्यायला कॉलनी लोटली. ‘गोड बोला’ म्हणत गोड बोलून गेले सगळे. मी तीन महिने दुसरं काय केलं?

संध्याकाळी पुन्हा पत्र लिहिलं. ‘पाहणी वरवर झाली.’ हेही फाडलं. सुरेखा म्हणाली, कागद वाया घालवू नका, तोंडानं बोला.

२० जानेवारी

पाणी आलं. आज मोजून चाळीस मिनिटांनी मी माझा नळ बंद केला. वेडेपणा! माझा नळ बंद केल्यानं मागच्या गल्लीला थेंबही जात नाही. शेजारच्या नळाला जोर आला एवढंच.

२५ जानेवारी

उद्या झेंडावंदन. सगळी कॉलनी मंदिरापुढं येते. माईक माझ्याकडंच असतो दरवर्षी. तोंडी परीक्षेला बारा दिवस राहिले. उद्या नाही तर मग नाहीच.

एकतीस वर्षं माईकवरून बोललो — ‘बीड–पाटोदा–आष्टी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे’. कधी जीभ अडखळली नाही. उद्या चार वाक्यं बोलायची आहेत.

२६ जानेवारी

बोललो.

झेंडा झाला, राष्ट्रगीत झालं, मुलांना जिलबी वाटायची होती. मी माईक सोडला नाही. सांगितलं, की ऑक्टोबरमधली यादी चुकीची होती. मी मागं जाऊन बघितलं नाही. भारतच्या घरी त्याची आई आणि दहावीतली मुलगी राहत होत्या. आपल्या कागदामुळं त्यांचं पाणी गेलं, म्हातारीचा हात मोडला, पोरीची शाळा बुडाली. उद्या दुसरं पत्र देतोय, व्हॉल्व्ह उघडणार, आपली वेळ पुन्हा चाळीस मिनिटं होणार. आणि मी सचिवपद सोडतो.

जिलबीवर माश्या बसत होत्या. मग मागून एक जण म्हणाला, निम्मंच पाणी? उन्हाळा तोंडावर आलाय! दुसरा म्हणाला, पाडव्यापर्यंत थांबायला काय हरकत होती? तेवढ्यात रामप्रसादनं माझ्या हातातून माईक घेतला. म्हणाला, चूक कबूल करायला वाघाचं काळीज लागतं. सुंदररावांसारखा सचिव बीड जिल्ह्यात सापडणार नाही. राजीनामा नामंजूर!

आणि टाळ्या वाजल्या! शिव्या खायला गेलो होतो मी, टाळ्या घेऊन आलो. त्यातून लुगड्याचं बोललोच नाही. ‘बघितलं नाही’ म्हणालो. बघितलं होतं! एवढ्या माणसांसमोरही मी चार आणे खोटं राखून ठेवलं.

सुरेखा फक्त म्हणाली, अर्धं झालं.

२७ जानेवारी

पत्र दिलं. बंकटनं चावी फिरवताना मला मुद्दाम बोलावलं. खड्ड्यात उतरून त्यानं दोन्ही हातांनी पिरगाळली, गंजली होती. भारतला फोन केला. या वेळी शब्द दिला.

३१ जानेवारी

मागच्या गल्लीला पाणी. मी जाऊन उभा राहिलो. भारतच्या नळातून आधी गढूळ, मग स्वच्छ. तेरा घरांचे नळ मी स्वतः बंद करत फिरलो. हे ऑक्टोबरमध्ये केलं असतं तर पाणीही वाया गेलं नसतं आणि... जाऊ दे. त्यांचं पिंप भरून ठेवलं.

पुढच्या गल्लीत मला दोघांनी रामराम केला नाही. त्याचं उलट बरंच वाटलं.

३ फेब्रुवारी

आल्या! भारत सोडून लगेच गेला. भिवराबाईचा हात अजून गळ्यात. वैष्णवी काळवंडलीय, बोटांवर पाचटानं कापल्याच्या रेघा. ‘नळाला पाणी आलंय मावशी’ म्हणालो. म्हातारीनं एका हातानं बोटं मोडायला बघितली, प्लास्टरमुळं जमेना. देवमाणूस, म्हणाली. मी पळालो तिथून.

१२ फेब्रुवारी

काल त्यांच्या गल्लीला चाळीस मिनिटं पाणी आलं. तोंडी परीक्षा बरी गेली म्हणे. ठरवलंय, लेखी सुरू व्हायच्या आत भिवराबाईला सगळं सांगायचं. लुगड्यासकट. माईकवर नाही, समोर बसून. ‘मावशी, मला दिसलं होतं.’ आंघोळ करताना म्हणून बघतो. रोज म्हणून बघतो. सुरेखा बाहेरून म्हणते, मोठ्यानं म्हणा, तिकडं ऐकू गेलं तर काम होईल.

२० फेब्रुवारी

तीन वेळा त्यांच्या दारापर्यंत गेलो. पहिल्यांदा ती झोपली होती, दुसऱ्यांदा पाहुणे होते. तिसऱ्यांदा कुणी नव्हतं, मीच परत आलो.

उद्या मराठीचा पेपर. केंद्र लांब आहे. वैष्णवीला स्कूटरवर सोडायचं ठरवलंय. वाटेत तिलाच सांगीन.

२१ फेब्रुवारी

सकाळी स्कूटर घेऊन गेलो. वैष्णवी म्हणाली, मी सायकलनं जाईन. मग मी तिथंच, उभ्यानं सांगून टाकलं. तारेवरचं लुगडं मला दिसलं होतं, तरी मी कुलूप लिहिलं.

ती कॅरिअरला पॅड लावत होती. म्हणाली, "म्हाईत हाय. लुगड्याच्या मागं आजीच हुती. तिनं बघितलंतं तुमाला लिवताना. मी फळ्यावरची यादी बी वाचली. मी म्हणलं सांगू, तर आजी म्हणली, त्यांनी बघून लिवलं म्हंजी ठरवून लिवलं. आपुन गप ऱ्हायचं. आन् पाईप दिला तव्हा म्हणली, रोज गोड बोलायचं, न्हाईतर ह्ये बी काढून नेतेल."

भिवराबाई दारात उभी होती. पोरीला गप बस म्हणून खुणावत होती आणि माझ्याकडं बघून हसत होती, हात जोडून.

मला भीत होत्या त्या. चार महिने. मला!